किड्यांनी रंग बदलला?

प्रश्न : नैसर्गिक निवड (परिसराला जुळणारे जीव जास्त तगतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच पिल्लं वाढत जातात) शिकवूनही दहावीची मुलं 'गरज पडली म्हणून किड्यांनी रंग बदलला' असंच लिहितात. काय करावं?

उत्तर : पंचिंग मशीनने वर्तमानपत्राच्या नि लाल घोटीव कागदाच्या भरपूर टिकल्या पाडा; हेच आपले किडे. प्रत्येकी २० वर्तमानपत्रावर विखुरा (पंखा बंद!). चौघं 'पक्षी', एका वेळी एकच टिकली उचलायची, मग पाठ फिरवायची. मूठ भरून उचलल्या की निवड संपली, उरला नुसता योगायोग. खेळ बहुधा इथेच फसतो. ३० उचलल्यावर थांबा. उरलेल्या १० पैकी प्रत्येकीला त्याच रंगाची ३ पिल्लं द्या, म्हणजे पुन्हा ४०. दर पिढीचे आकडे फळ्यावर मांडा. तिसऱ्या पिढीनंतर विचारा, 'कोणत्या टिकलीने रंग बदलला?' मग खाली लाल कागद अंथरा. लाल टिकल्या तोवर संपल्या असतील, तर गरज असूनही एकही उगवणार नाही.