वाचकांचे प्रश्न : वेळापत्रक पंधरा दिवसांतच का बारगळतं?

प्रश्न : राहायला वर्तकनगर, नोकरी तुर्भ्याला. एमपीएससीच्या गट-क पूर्व परीक्षेसाठी रोज रात्री ९ ते ११ अभ्यास करायचं ठरवतो. पंधरा दिवस जमतं. मग एखादा ओव्हरटाइम, एकदा पाहुणे, की सगळंच बंद. जिद्द कमी पडते का?

उत्तर : जिद्दीचं राहू द्या, वेळ चुकलीय. वेळापत्रक आखलंत सुट्टीच्या दिवशी, ताज्या डोक्याने. पाळायचं मात्र तुर्भ्याहून उभ्याने आलेल्या माणसाने. म्हणून वाईटातल्या वाईट दिवशीही होईल एवढंच रोजचं किमान ठरवा.

या पेपरात १०० प्रश्न नि १ तास, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. दहा प्रश्न ६ मिनिटांत होतात; हेच तुमचं रोजचं किमान. आयोगाच्या संकेतस्थळावरून जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून झेरॉक्स काढा, एकेक पान घडी करून खिशात ठेवा. (मोबाइलवर नको. दुसऱ्या प्रश्नालाच व्हॉट्सअ‍ॅप डोकावतं.) ‘सकाळी वेळ मिळाला की करीन’ असं मोघम नको. ‘ठाण्याला गाडीत चढलो की, सीट मिळो न मिळो, पान बाहेर’ असं पक्कं ठरवा. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशी सांगड घातली की काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलंय.

रात्री फक्त चुकलेले प्रश्न घ्या. प्रत्येकापुढे कारण लिहा : माहीत नव्हतं, घाईत वाचलं, की ठोकून दिलं. तिसऱ्या कारणावर नजर ठेवा, कारण चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर.

एखादा दिवस बुडाला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ६६. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बिघडतं ते भरपाईने. काल राहिले म्हणून आज वीस, उद्या तीस. बाकी साचली की माणूस वहीच उघडत नाही. बुडालेले दहा सोडून द्या, आजचे दहा करा.

प्रश्न : परीक्षेचं सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं तर दडपण राहील ना?

उत्तर : नको. अंगठे नि शाबासकी आधीच मिळून जाते. एकाच खमक्या मित्राला सांगा आणि दर रविवारी रात्री त्याला पेपरातले बरोबर, चूक, सोडलेले असे तीन आकडे पाठवा. ‘अभ्यास चालू आहे’ हे उत्तर त्याने चालवून घ्यायचं नाही.