झीझी टॉप ऐकायला सुरुवात करताना

झीझी टॉप हा टेक्सासचा अमेरिकन रॉक बँड. १९७७च्या 'द बेस्ट ऑफ झीझी टॉप'पासून सुरू कर. दहाच गाणी, सगळी पहिल्या चार अल्बममधली. म्हणजे सिंथेसायझरच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) आधीचा, कोरडा टेक्सास ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेली शैली). मग 'ट्रेस होम्ब्रेस' (१९७३) अख्खा ऐक. पहिलं गाणं संपताच दुसरं न थांबता सुरू होतं, म्हणून शफल बंद ठेव.

जुनी सीडी घेताना मात्र सांभाळ. १९८७च्या 'सिक्स पॅक' संचात जुने अल्बम रीमिक्स केले होते, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमधले आवाज नव्याने जुळवले होते: ड्रम्सवर ऐंशीच्या दशकातला घुमारा चढवला, मूळ बाज गेला. स्नेअरचा (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका पोकळ हॉलमध्ये मारल्यासारखा वाटला, तर तीच आवृत्ती समज. २०१३च्या दहा सीडींच्या संचात मूळ मिक्स आहेत.

'एलिमिनेटर' (१९८३) नंतर ऐक. सर्वाधिक खपलेला तोच, पण ब्लूज कमी.