टॅलीतून ईआरपीवर जाताय? आधी गेटबाहेरचा माल मोजा

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सोडून ईआरपीवर, म्हणजे स्टोअर, खरेदी, बिल सगळं एकत्र बघणाऱ्या सिस्टिमवर जायची तुमची पोस्ट वाचली आणि २०२३ मधला मीच दिसलो. तुमचं तुर्भ्याचं युनिट, चाळीस माणसं, टॅली आणि जोडीला एक्सेलच्या शीट, मालकांचा धोशा की डिस्पॅच एक दिवसही थांबता कामा नये. आणि तुमचा प्रश्न: जुनं-नवं किती महिने सोबत चालवायचं? त्याचं उत्तर खाली देतो. पण माझ्या मते तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला, गेटबाहेरचा तुमचा माल मोजलात का?

आधीच सांगतो, मी सीए नाही. रबाळे एमआयडीसीत एका शीट मेटल कारखान्यात स्टोअर आणि परचेस बघतो. कायद्याचं जे काही लिहिलंय ते तुमच्या सीएंना विचारूनच करा. बॅकअप घ्या, आयटमची नावं साफ करा, पार्ट्यांची बाकी बिलवार जुळवा हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

आम्ही १ एप्रिल २०२३ ला उडी मारली. त्याच दिवसापासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची पुसता न येणारी नोंद, सक्तीचा झाला होता. मालक म्हणाले, बदलायचंच आहे तर एकदाच मोठं घ्या. ३१ मार्चला रात्री साडेअकरापर्यंत आम्ही रॅकवर चढून माल मोजला. मोजणी आणि पुस्तक जुळेना. ब्रॅकेटच्या एका साइजचे पुस्तकात १,२४० नग, रॅकवर ७१०. असे तीसेक आयटम. सॉफ्टवेअर बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "सर, पुस्तकातला आकडाच अपलोड करा, नाहीतर बॅलन्स शीट टॅली होणार नाही." दमलो होतो. केला.

फरक कुठे होता? पवण्याला प्लेटिंगवाल्याकडे (धातूचा मुलामा चढवणारा) आणि खैरण्याला पावडर कोटिंगला (रंगाचा थर द्यायला). तो माल आम्ही हातचलनावर, म्हणजे हाताने लिहिलेल्या माल पाठवायच्या कागदावर पाठवायचो आणि टॅलीत त्याची नोंदच नसायची. सगळा हिशेब स्टोअरच्या काकांच्या लांबट वहीत. रबर बँड लावलेली, वजनकाट्याखाली ठेवलेली. कोणाकडे किती गेलं, किती आलं, कोणाची किती रिजेक्शन, सगळं त्यात. नव्या सिस्टिमसाठी ती वही कोणी उघडलीच नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी असेंब्ली थांबली. सिस्टिम म्हणे ब्रॅकेट भरपूर आहेत, म्हणून नवी ऑर्डर सुचवलीच नव्हती. पण खरा घोळ नंतर झाला. प्लेटिंगहून टेम्पो आला, तेव्हा आत घ्यायला सिस्टिममध्ये उघडं चलनच नव्हतं. गेटवरच्या मुलाने सरळ खरेदीची जीआरएन (माल आत आल्याची नोंद) मारली. म्हणजे पुस्तकातल्या आकड्यात आधीच धरलेला माल पुन्हा जमा झाला. जूनपर्यंत कागदावरचा स्टॉक फुगत गेला आणि प्रत्यक्षात रॅक रिकामे.

मग त्या सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं सपोर्ट ऑफिस. नाव घेत नाही. डेमोच्या वेळी चार जण आले होते, एकाने ढोकळाही आणला होता. तक्रार टाकल्यावर दोन ओळींचं उत्तर: "हा तुमच्या डेटाचा प्रश्न आहे, सॉफ्टवेअरचा नाही." तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. दुरुस्तीला माणूस पाठवायचे पैसे दिवसावर. डेटा आमचाच होता, मान्य. पण पुस्तकातला आकडा टाका असं सांगणारा माणूस कोणाचा होता?

हे जड गेलं २५ ऑक्टोबरला, जीएसटीचं एक विवरण भरायच्या शेवटच्या तारखेला. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर जॉबवर्कचा (बाहेर कामाला पाठवलेल्या मालाचा) आयटीसी-०४ फॉर्म सहामाही भरावा लागतो. आमच्या सिस्टिममध्ये १ एप्रिलला बाहेर असलेला माल शून्य आणि परत आलेला मात्र ढीगभर. कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो विकलाच असं धरतात, त्यामुळे चलनाची मूळ तारीख लागतेच. तिघं जण अकरा दिवस ती वही आणि सिस्टिम जुळवत बसलो. शिवाय एडिट लॉगमुळे प्रत्येक दुरुस्ती कायमची दिसते, ऑडिटरने एकेकीचं कारण विचारलं ते वेगळं. यात मध्येच १ ऑगस्टपासून ई-इन्व्हॉइसही (प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) लागू झालं होतं. ते वर्ष आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून बदलाच्या दिवशी तीन याद्या करा: गेटच्या आतला माल, गेटबाहेर तुमचा पडलेला माल, आणि गिऱ्हाइकाचा तुमच्याकडे आलेला माल. तिसरी बहुतेक जण विसरतात. बाहेरचं प्रत्येक उघडं चलन जुन्या नंबर-तारखेसकट नव्यात चढवा. पुस्तक आणि मोजणीत फरक आला तर तो पुसू नका, त्याचा माग काढा.

आता तुमचा प्रश्न. स्टोअरला जुनं-नवं सोबत एक दिवससुद्धा चालवू नका. दोन ठिकाणी एन्ट्री म्हणजे एक खरी आणि दुसरी संध्याकाळी सहानंतर आठवून केलेली. अकाउंट्सने हवं तर एक महिना जुळवून बघावं. बिल मात्र पहिल्या दिवसापासून एकाच ठिकाणाहून काढा. आयआरएन (ई-इन्व्हॉइसला पोर्टलवर मिळणारा नंबर) चुकला तर पोर्टलवर २४ तासांतच रद्द होतो, पुढे क्रेडिट नोट काढून बिल उलटवायचा व्याप. नव्या सिस्टिमला बिलाची वेगळी सिरीज द्या, चालते. फक्त नंबर १६ अक्षरांच्या आत ठेवा.

१ एप्रिलचा हट्टही सोडा. अकाउंटवाल्यांना ती तारीख आवडते, पण तेव्हाच वर्षअखेरीचा माल ढकलायचा असतो आणि माणसं अर्धमेली असतात. कुठल्याही शांत महिन्याची एक तारीख चालेल. हे माझं मत, तुमचे सीए नाही म्हणतील.

आणि प्लेटिंगवाल्यांकडून शिल्लक लेखी मागवताना फोन सकाळी साडेआठच्या आत करा. एकदा टाक्यांवर गेले की कोणी उचलत नाही.