हायवेवर १०० च्या वेगाला इंजिन ३,००० आरपीएमवर फिरतं, त्यामुळे ते लवकर झिजतं का?

तुमचं म्हणणं असं: तुमची १.२ लिटरची साधी पेट्रोल गाडी पाचव्या गियरमध्ये १०० ला ३,००० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दाखवते, मित्राची टर्बो गाडी त्याच वेगाला सहाव्यात २,००० दाखवते, म्हणजे तुमचं इंजिन दीडपट झिजतंय का? आणि मित्र सांगतो तसे मोठे टायर बसवून आरपीएम खाली आणावा का? टायरचं शेवटी बघू. आधी तो दीडपटीचा हिशेब, कारण तो ऐकून ऐकून कान किटलेत.

३,००० आरपीएमनं ताशी १०० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला क्रँकचे, इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, १,८०० फेरे. मित्राचे १,२००. बरोबर, दीडपट. आता मित्राची तीच गाडी शहरात घाला. सरासरी वेग २५ आणि सरासरी आरपीएम १,५०० धरला तर किलोमीटरला ३,६०० फेरे होतात. फेरे मोजूनच झीज ठरवायची, तर तुमच्या हायवेच्या दुप्पट झीज त्याची शहरात चालली आहे, तीही 'संथ' इंजिनावर. फेऱ्यांचा हिशेब मांडणारे लोक ही दुसरी ओळ कधीच लिहीत नाहीत.

मुळात झीज फेऱ्यांनी ठरत नाही. क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा धातू धातूला टेकलेला नसतो. पावसात वेगातला टायर पाण्याच्या थरावर चढतो, तसा क्रँक स्वतःच्या फिरण्यानं तेल खाली ओढून काही मायक्रॉनच्या थरावर चढतो. वेग वाढला की थर जाड होतो. भार वाढला की तो दबतो आणि तेल तापून पातळ झालं तरी दबतो. शिवाय ऑइल पंप क्रँकवरच चालतो: गरम इंजिनात आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ऑइलचं प्रेशर एक बारच्या आसपास असतं, ३,००० ला बहुतेक गाड्यांत तीनच्या पुढे जातं. म्हणजे ३,००० आणि हलका पाय ही बेअरिंगची सगळ्यात सुखाची अवस्था. १,२०० आणि पूर्ण दाबलेला पाय ही सगळ्यात वाईट. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि टॅपेटचंही तसंच. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा पूर्ण दाब कॅमच्या टोकावर कमी आरपीएमलाच येतो, आणि तेलाचा थरही तेव्हाच पातळ असतो.

पिस्टनवरच्या रिंगांचं मात्र वेगळं, आणि तिथे तुमच्या मित्राला थोडे मार्क द्यायला हवेत. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तिथे वेग शून्य, म्हणून थरही जवळजवळ नाही, आणि जळणाचा दाब रिंगेच्या मागून तिला बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, दाबतो. जुन्या इंजिनाचं हेड काढून बोअरच्या वरच्या काठाखाली नख फिरवा, एक कड लागेल. वरची रिंग जिथे उलटते तिथलीच ती झीज. इथे फेरे मोजले जातात, पण प्रत्येक फेऱ्याला दाब किती, हेही मोजलं जातं. लहान गाडीला सपाट रस्त्यावर १०० ला १२-१५ किलोवॅट पुरतात. १३ धरले तर ३,००० ला इंजिनाला सुमारे ४१ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो, २,००० ला ६२. फेरे कमी केलेत, पण प्रत्येक फेऱ्याचं ओझं त्याच प्रमाणात वाढलं. फुकट काही मिळालेलं नाही.

वेगाचा खरा मार म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडच्या वजनाचा झटका. तो आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ६,००० ला जेवढा, त्याच्या चौथा हिस्सा ३,००० ला. ८० मिलिमीटर स्ट्रोक धरला तर पिस्टनचा सरासरी वेग ३,००० ला सेकंदाला ८ मीटर आणि ६,००० ला १६. तुम्ही अर्ध्या रेड लाइनवर आहात. इंजिन बनवणाऱ्यानं हे गृहीत धरूनच गियर ठरवले आहेत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. 'आरपीएम वाढला की इंजिन घासतं, टॉपमध्ये टाक आणि निवांत चालव' हा सल्ला देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, आणि त्याचा पुरावा माझ्या कामाच्या बाकावर खोलून पडला होता: एका गाडीचं इंजिन. तीन सिलिंडर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल. मालक कौतुकानं सांगत होता की सुई कधी २,००० च्या वर जाऊ दिली नाही. सहाव्यात ६० ला चढ आला तरी गियर खाली नाही, नुसता पाय दाबायचा. टर्बोचा टॉर्क भरपूर, गाडी चढायची, त्यामुळे काही बिघडतंय हे त्याला जाणवलंच नाही. तक्रार काय, तर आयडलला थरथर, चेक इंजिनचा दिवा, ऑइल कमी होतंय. कॉम्प्रेशन दोन सिलिंडरना ठीक, मधल्याला निम्मं. त्यात हवा भरून लीक बघितली तर ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस ऐकू येत होती, म्हणजे व्हॉल्व्ह नाही, रिंगा. त्याचा स्पार्क प्लग काळा आणि ओला. पिस्टन बाहेर काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधल्या पट्टीचा नखाएवढा तुकडा गायब, आणि त्या तुकड्यानं बोअरवर उभे ओरखडे ओढलेले. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या शेल (क्रँकभोवती बसणारे दोन अर्धगोल तुकडे) बघण्यासारख्या होत्या: रॉडकडची वरची शेल मधोमध घासून चकाकणारी, कॅपकडची खालची नव्यासारखी करडी. जळणाचा दाब वरच्या शेलवर येतो, वेगाचा झटका खालच्या शेलवर. आरपीएमनं मारलेल्या इंजिनात खालचीवरही खूण दिसते. इथे वेगानं काहीच केलेलं नव्हतं.

कारण असं की टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएम आणि जास्त भार एकत्र आले की ऑइल आणि पेट्रोलचे थेंब किंवा सुटलेला काजळीचा कण ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतो. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट. साध्या नॉकिंगला (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकण्याला) ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडून सावरतो. इथे ठिणगीचा संबंधच नाही, म्हणून सावरायला जागा नाही. एकेक झटका पट्टी तोडायला पुरतो. हा त्रास इतका खरा आहे की त्यासाठी ऑइलचे ग्रेड बदलावे लागले. २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसएन प्लस हा ग्रेड आला, २०२० मध्ये एसपी, कारण ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटनं हा प्रकार वाढतो. टर्बो पेट्रोलमध्ये डब्यावर एसपी किंवा त्यानंतरचा ग्रेड नसलेलं जुनं ऑइल ओतू नका.

मालकाचा बचाव होता की डॅशबोर्डवरचा बाण वरचा गियर टाकायला सांगतो. तो बाण इंधन वाचवायला आहे, आणि पाय हलका असेल तेव्हापुरता. चढावर ऐकायचा नाही. चार लिटर पेट्रोल वाचवून पिस्टन घालवण्याला अ‍ॅव्हरेज म्हणत नाहीत.

मग किती ठेवायचा? साध्या पेट्रोलला हायवेवर २,००० ते ३,५०० पर्यंत तासन्‌तास चालवा. टर्बो पेट्रोलला १,८०० च्या खाली जोराचा पाय नको. डिझेलला १,८०० ते २,५०० बरं, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर अधूनमधून २,००० च्या आसपास वीसेक मिनिटं चालू द्या, नाहीतर काजळी जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. सुई बघायची नसेल तर पायावरून ओळखा. अर्धा पेडल दाबूनही गाडी ओढ घेत नसेल, फरशीत घरघर येत असेल, तर एक गियर खाली. ओव्हरटेक करताना तिसऱ्या-चौथ्यात ४,५०० पर्यंत नेलं तर काही होत नाही. फक्त वेगात असताना पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर रेव्ह लिमिटर (इंधन तोडून आरपीएम रोखणारी व्यवस्था) वाचवत नाही, कारण तेव्हा चाकं इंजिनाला फिरवत असतात.

हायवेवर इंजिन झिजवणारी खरी गोष्ट म्हणजे धूळ. तुमचं इंजिन या वेगाला मिनिटाला आठशे-हजार लिटर हवा ओढतं. एअर फिल्टरच्या रबरी काठाला चीर असेल किंवा खोक्याची एक क्लिप बसली नसेल, तर तेलाच्या थराएवढे जाड कण थेट बोअरमध्ये जातात. फिल्टर बदलताना खोक्याच्या स्वच्छ बाजूवर, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत, पांढरा कपडा फिरवून बघा. कपड्यावर मातकट रेघ आली तर आरपीएमची चर्चा बंद करून आधी गळती शोधा.

दुसरं, ऑइल. सलग वेगात चालवलं की ते जास्त जळतं, हे खरं आहे. लांबच्या उतारावर पाय काढून गाडी सोडली की व्हॉल्व्हच्या सीलमधूनही ओढलं जातं. उताराच्या शेवटी पुन्हा पाय दिला आणि आरशात निळा धूर दिसला, तर सील गेले असं समजा. लांबच्या प्रवासाआधी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर मावतं, त्यामुळे खालच्या खुणेवर निघू नका. आणि थंड इंजिन घेऊन निघाल्या निघाल्या १२० ला नेऊ नका. टेम्परेचरची सुई मध्यावर आली म्हणजे पाणी तापलं. ऑइल तापायला त्यानंतर आणखी पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ २,५०० च्या आत राहा.

आता अटी. वर लिहिलेलं सगळं गरम आणि ऑइल नीट असलेल्या, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाचं आहे. हवेनं थंड होणाऱ्या मोटरसायकलला हे तसंच लावू नका, तिथे सलग वेगानं ऑइल फार तापतं. ३,००० ठीक म्हणजे ४,५०० वर दिवसभर ठीक, असंही नाही. ज्या इंजिनाला १,००० किलोमीटरमागे अर्धा लिटर ऑइल लागतं त्यानं वेग कमीच ठेवावा. आणि एक तपासा: त्याच गियरमध्ये त्याच वेगाला ३,००० पूर्वीपासून आहे ना? पूर्वी २,७०० असायचा आणि आता चढावर वेग न वाढता सुई पळते, तर तो क्लच घसरतोय, इंजिन नाही.

टायर. समजा तुमचे १८५/६५ आर१५ आहेत. त्यांचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, १९५/६५ आर१५ चा ६३४.५. फरक २.१ टक्के. तुमचा आरपीएम ३,००० वरून २,९४० च्या आसपास येईल, बस. त्या बदल्यात प्रत्येक गियर तेवढाच जड होईल, स्पीडोमीटर आतापेक्षा दोन टक्के कमी दाखवेल आणि ओडोमीटरही कमी मोजेल, म्हणजे ऑइल बदलायची वेळ उशिरा कळेल. तरी बसवायचेच असतील तर गाडीत पूर्ण वजन घालून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून, आतल्या प्लास्टिकला टायर घासत नाही ना ते आधी बघा.