स्टॅट्स आणि बीओडी: नव्या पोरांसाठी

अरे, मराठी शाळेतून आलास म्हणून स्टॅट्स जड जाईल ही भीती आधी काढून टाक. सूत्रं पाठ होतातच. कुठलं सूत्र कुठं लावायचं नाही, हे कळायला वेळ लागतो.

आपलाच बेळगाव जिल्हा घे की. मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला, पाऊस नुसता कोसळतो. अथणीकडं लोक आभाळाकडं बघत बसतात. दोन्हींची सरासरी काढलीस तर येणारा पाऊस कुठंच पडत नाही. म्हणून सरासरीशेजारी मध्यक आणि प्रमाण विचलन लिहायची सवय लाव.

पाण्यातल्या जिवाणूंचं तर आणखी वेगळं. समज, कोलिफॉर्मचे (पाणी घाण झाल्याची खूण देणाऱ्या जिवाणूंचे) आकडे 10, 100 आणि 10000 आले. साधी सरासरी 3370! एकाच घाण नमुन्यानं सगळ्यांना ओढून नेलं. जिऑमेट्रिक मीन, म्हणजे आकड्यांच्या लॉगची सरासरी काढून परत उलटवलेला आकडा, येतो 215 च्या आसपास. पीएचही (पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा) लॉगवरच चालतो; 6 आणि 8 मध्ये हायड्रोजन आयनांचा फरक शंभर पटींचा असतो. व्हायव्हाला जाताना एवढं डोक्यात ठेव.

बीओडीला, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायला, मात्र हाताची शिस्त लागते. नमुन्याची बाटली 20 अंशांना 5 दिवस ठेवायची, किंवा आपल्या भारतीय पद्धतीत 27 अंशांना 3 दिवस. गुरुवारी 3 दिवसांची बाटली लावलीस की मोजायची वेळ येते रविवारी, आणि तेव्हा लॅबला कुलूप. मी हे करून बसलोय, सगळं पुन्हा केलं. आणि बूच लावताना आत बुडबुडा राहिला तर ती बाटली सरळ ओतून टाक, त्याच्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो. मार्कंडेय नदीचा नमुना घ्यायला जाशील तेव्हा काठावरच्या साचलेल्या पाण्यात बाटली बुडवू नकोस, वाहत्या धारेतलं घे.