प्याला ‘पिण्या’वरून आलेला नाही

प्रश्न आला आहे: ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने वर्णिलेल्या शक (सिथियन) योद्ध्यांच्या सोन्याच्या भांड्यांना मराठीत चषक म्हणावे की प्याला?

चषक तर नकोच. स्पर्धा जिंकून डोक्यावर धरतात ते भांडे आता त्या शब्दाने डोळ्यांपुढे येते. तरी भाषांतरांत ग्रीकांचे दिसेल ते भांडे चषक! हिरोडोटस इतका ढिसाळ नव्हता. मारलेल्या शत्रूची कवटी शक लोक बाहेरून बैलाच्या कातड्याने मढवत, श्रीमंत असले तर आतून सोन्यानेही. तिला तो ‘पोतेरिओन’ म्हणतो. त्यातला ‘पो’ म्हणजे आपला संस्कृत ‘पा’ (पिणे) धातू. सरळ ‘पात्र’ म्हणा. वर्षातून एकदा मद्यवाटप होई, शत्रू मारला असेल त्यालाच मद्य. पुष्कळ मारणाऱ्याच्या हाती दोन-दोन ‘किलिक्स’ (मद्य प्यायच्या वाट्या) असत.

पण शक कमरपट्ट्याला लटकवत ती वाटी म्हणजे ‘फिआले’. ग्रीक पुराणातला वीर हेराक्लिस, त्याने मुलांसाठी धनुष्य ठेवले आणि पट्टा ठेवला, त्या पट्ट्याच्या टोकाला सोन्याची फिआले होती. धनुष्य वाकवून पट्टा बांधू शकला तो एकटा धाकटा स्कुथेस. शकांचे राजे त्याच्याच वंशातले, असे काळ्या समुद्राकाठचे ग्रीक सांगत.

माझ्या मते हीच फिआले म्हणजे आपला प्याला! ‘पिणे’वरून प्याला हे पुन्हा पुन्हा ऐकून कान किटले. ‘तो पाणी प्याला’ हे क्रियापद. त्यातून भांडे निघत नाही. शब्द फारसी ‘पियाला’. कोशकार तेवढे सांगून उंबऱ्यातच थांबतात, एक पाऊल पुढे टाकत नाहीत. जुन्या ग्रीकांचा फ ओठ मिटून काढायचा, आपल्या ‘फूल’मधला. (हल्ली फुलातही ऑफिसातला फ ऐकू येतो, तो भाग वेगळा.) इराणी बोलींत असा महाप्राण (ह मिसळलेला प) नव्हता, मग प उरला. आकारही जुळतो: उथळ, बिनकानाची, तळाशी मधोमध बेंबी. ग्रीक त्या उंचवट्याला ‘ओम्फालोस’ म्हणत; आपल्या ‘नाभी’चाच तो सख्खा भाऊ.

फिआले शब्द किती जुना? इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराच्या, ग्रीसमधल्या पिलोसच्या मातीच्या पाट्यांवर तो आहे. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यात पात्रोक्लस या वीराच्या अस्थी ठेवतात त्याही सोन्याच्या फिआलेत.

क्रिमियातल्या केर्चजवळच्या कुल-ओबा या शक थडग्यात १८३० मध्ये सापडलेले, धनुष्याला प्रत्यंचा चढवणाऱ्या शकाचे चित्र असलेले भांडे मात्र फिआले नव्हे. गोल पोट, वर आखूड गळा. त्याला लोटी म्हणा.