राहतं घर आत्ता विकू नका, नोकरी तर सोडूच नका

प्रश्न: आमच्या चार वर्षांच्या मुलाला तीन आठवड्यांपूर्वी अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं. उपचार सुरू आहेत. घर विकून पैसा हाताशी ठेवावा आणि मी नोकरी सोडून पूर्ण वेळ त्याच्याजवळ राहावं, असं ठरत आलंय. घराला गिऱ्हाईकही आहे. महिन्याचा खर्च, घराच्या हप्त्यासकट, १०० धरला तर माझा पगार ८० आणि यांचा ५५. आरोग्य विमा माझ्या नोकरीतून आहे. पाच महिन्यांच्या खर्चाइतके पैसे बचत खात्यात आहेत, चौदा महिन्यांच्या खर्चाइतकी मुदत ठेव. आम्ही करतोय ते बरोबर आहे का?

उत्तर: लेकराजवळ बसून राहावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि तुमच्यापैकी एकानं बसायलाही हवं. पण ते तुम्ही राजीनामा देऊन नको.

आधी विमा बघा. निदान झाल्यावर घेतलेल्या नव्या वैयक्तिक पॉलिसीत हाच आजार बहुतेक वेळा वगळलेला असतो. त्यामुळे तुमच्या नोकरीतून मिळणारं संरक्षण आज बाजारात विकत मिळणार नाही. आता हिशेब बघा. हे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. तुम्ही राजीनामा दिलात तर दरमहा ४५ कमी पडतील. तीस महिन्यांत ते १३५० होतात, म्हणजे साडेतेरा महिन्यांचा खर्च, आणि वर विमाही गेला. त्याऐवजी तुमच्या मिस्टरांनी सात महिने बिनपगारी रजा घेतली तर तूट दरमहा २०, एकूण १४०. प्रवास, बाहेरचं जेवण, मास्क-सॅनिटायझर असा वरखर्च आठ महिने दरमहा २५ धरला तर आणखी २०० लागतील. दोन्ही मिळून साडेतीन महिन्यांच्या खर्चाच्या आतच राहतात. तुमच्याकडे एकोणीस महिन्यांचं आहे, म्हणजे उपचारांसाठी साडेपंधरा महिन्यांचं मोकळं राहतं. सात महिनेच का? कारण जोराचे उपचार साधारण पहिल्या सहा-आठ महिन्यांत होतात. त्यानंतरच्या मेंटेनन्समध्ये, म्हणजे आजार उलटू नये म्हणून चालणाऱ्या सौम्य टप्प्यात, मुख्यतः रोज मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट अशा गोळ्या असतात, नियमित रक्ततपासणी असते, आणि बरीच मुलं तेव्हा शाळेतही जातात. तुमची भरपगारी रजा संपवू नका, मुलाला पुढे अचानक दवाखान्यात भरती करावं लागेल त्यासाठी ती राखा.

घराचा निर्णय आज घेऊच नये, कारण खर्चाचा खरा आकडा अजून कोणाकडेच नाही. पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा असतो. त्याच्या शेवटी बोन मॅरो (हाडातला मगज) तपासून किती कर्करोगपेशी उरल्या ते बघतात. याला एमआरडी म्हणतात. तो ०.०१ टक्क्याच्या खाली आला तर ती चांगली खूण. हा अहवाल आणि पेशींची जनुकीय तपासणी हातात आली की मुलाचा जोखीम-गट ठरतो आणि पुढच्या उपचारांची तीव्रताही. त्याच दिवशी टप्प्यानुसार लेखी अंदाजपत्रक मागा. एमआरडी जास्त आला आणि इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीच्या मदतीनं करायचे उपचार) किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय निघाला, तर घराचा विचार पुन्हा करू. तोवर गिऱ्हाइकाला थांबवा. घाईत विकलेल्या घराला भाव कमी मिळतो, आणि शिवाय भाडं सुरू होतं ते वेगळं.

अंदाजपत्रकात हमखास कमी धरला जातो तो तापाचा खर्च. केमोनंतर रक्तपेशींचे काउंट खाली जातात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली असताना ३८ अंश सेल्सियसच्या आसपास ताप आला तर रात्री-अपरात्रीही लगेच दवाखाना गाठावा लागतो, शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं आणि मुक्काम दोन-तीन दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत लांबू शकतो. त्यातच रक्त किंवा प्लेटलेट्स लागतात. म्हणून बचत खात्यातले तीन महिन्यांचे पैसे ठरलेल्या केमोच्या बिलाला लावू नका, ते तापासाठीच ठेवा. घर दवाखान्यापासून तासाभराहून लांब असेल तर विकण्याऐवजी आठ महिने जवळ खोली घ्या आणि जमलं तर स्वतःचं घर भाड्यानं द्या.

मुदत ठेव एकरकमी मोडू नका. बँक परवानगी देत असेल तर तिचे चार-पाच तुकडे करून घ्या, म्हणजे गरजेपुरताच तुकडा मोडेल. हप्ता चुकण्याआधी बँकेला भेटा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. एकदा थकबाकी दिसली की बोलणी अवघड होतात. निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा तर ठेव संपल्यावर, आणि तोही घर विकायच्या आधी. क्रेडिट कार्डावर बिल फिरवत ठेवणं मात्र पूर्ण टाळा. नातेवाईक पैसे देतील तेव्हा ती मदत आहे की उसने, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

विमा कंपनीला ईमेलवरच विचारा: वर्षाची मर्यादा किती आणि नूतनीकरणाला ती पुन्हा पूर्ण होते का, एका दिवसात होणारी केमो धरतात का, घरी घ्यायच्या गोळ्या आणि बाहेरच्या तपासण्या धरतात का, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण काही पॉलिसींत महागडी खोली घेतली की बाकीच्या बिलातूनही त्याच प्रमाणात कपात होते. नूतनीकरणाची तारीख कळली की एखादी तपासणी चार दिवस पुढे चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. केमोची तारीख मात्र पैशासाठी कधीही हलवायची नाही.

दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात याच आठवड्यात जा. बऱ्याच धर्मादाय संस्था खर्चाच्या अंदाजावर मदत देतात, आधीच भरलेल्या बिलाचे पैसे परत देत नाहीत. त्यामुळे अर्ज उशिरा केला तर मदत हातची जाते. आणि तुमच्या कंपनीत आजच विचारा की रजा, अर्धवेळ किंवा घरून काम यातल्या कोणत्या प्रकारात विमा चालू राहतो. उत्तर लेखी मिळेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका.